पावलं उरली तिथून



नृत्यशिक्षकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत आणि संमेलन जुन्नरला भरवलंत, दोन्हींसाठी मनापासून आभार. दुसऱ्यासाठी अंमळ जास्तच. कारण मला जे बोलायचं आहे, ते इथून पश्चिमेला, नाणेघाटाच्या माथ्यावर दगडात आहे.

तिथलं लेणं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात मोठा लेख आहे. अभ्यासक तो सातवाहनांची राणी नागनिका हिचा मानतात; काळ साधारण इसवीसनापूर्वीचं पहिलं शतक. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गायी, किती घोडे, किती हत्ती दिले, हे सारं आकड्यांनिशी. पण आपण नाचणाऱ्यांनी थांबायचं ते मागच्या भिंतीपाशी. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे ओळीने कोरलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर नाव. सिमुक, सातकर्णी, नायनिका म्हणजेच नागनिका, काही कुमार. नावं आजही वाचता येतात. पुतळे मात्र गेले. खालच्या अंगाला उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा.

माझी एक विद्यार्थिनी, याच तालुक्यातली, कथकची तालीम झालेली. तिला या लेण्यावरून एकल नृत्य बसवायचं होतं. लेख वाचून, टिपणं काढून, महिन्याभरात तिने चौदा मिनिटांची रचना आणली. अश्वमेधाच्या घोड्याची गत होती, दक्षिणेतल्या हत्तींची चाल होती, शेवटी व्रतस्थ राणी. हात स्वच्छ, लय पक्की. मी कौतुक केलं आणि घरी गेले. रात्री आठवू लागले, तर एकही हालचाल आठवेना. तिने लेख नाचून दाखवला होता. लेण्याने तिला काय केलं, ते त्यात कुठेच नव्हतं.

मंडळी, आपल्या वर्गांतली मोठी अडचण मला हीच वाटते. चित्र, शिल्प, कविता, एखादा आवाज, कशावरूनही नाच सुचतो. पण सुचलं रे सुचलं की आपण त्या वस्तूची गोष्ट सांगायला धावतो. चित्रात मोर असला की मोर, नदी असली की बोटांच्या लाटा. वस्तू आपल्याला जिथे अडवते तिथे आपण थांबतच नाही.

तिला मी परत पाठवलं, वहीशिवाय. तीन तास बसून आली. म्हणाली, "बाई, मी भिंतीकडे बघत होते, तेच चुकत होतं. मी वळले. भिंतीला पाठ करून, त्या पुतळ्यांसारखी उभी राहिले. तिथून लेण्याचं तोंड दिसतं आणि वाट दिसते. ते सगळे घाट चढून येणाऱ्याकडे बघत होते." सांगताना तिची टाच जमिनीवरून किंचित उचलली गेली होती, उभं राहून राहून पाय अवघडल्यावर उचलतो तशी. मी म्हटलं, "हीच तुझी पहिली हालचाल. बाकी सगळं टाकून दे."

सहा आठवडे तिने त्या टाचेवर काम केलं. वजन टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून दुसऱ्या पावलावर. आधी लयीशिवाय. मग तीच हालचाल विलंबित तीनतालात, मग दुगुनीत. तोंड उलट्या दिशेला करून. मग इतकी बारीक, की पुढच्या रांगेलाच कळावी. घुंगरू पहिले चार आठवडे पेटीतच. कमरेच्या वर काहीही हलवायचं नाही, ही अट तिनेच घातली. पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी गुडघा सैल झाला, त्यामागून कंबर, आणि हात आपसूक कपाळाशी गेला, उन्हात लांबचं माणूस ओळखायला नेतो तसा. तो हात कुणी शिकवला नव्हता. चौदाची साडेसहा मिनिटं झाली. अश्वमेधाचा घोडा गेला. आणि आता ती नाचली की मला राणी दिसते.

एका हालचालीला असं पिळून काढणं आपल्या मातीला नवं नाही. हे गाव नारायणगावच्या शेजारचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं नारायणगाव, जिथे गुढीपाडव्याच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रेवाले सुपाऱ्या द्यायला येतात. बैठकीच्या लावणीत बाई बसूनच असते. पायांची वाट बंद. तीच एक ओळ पुन्हा येते आणि दर वेळी अदा नवी: एकदा भुवई, एकदा पदराचं टोक, एकदा नुसतं नजर चोरणं. माझ्या विद्यार्थिनीने याच्या उलट केलं, वरचं बंद केलं आणि पाय मोकळे ठेवले. दोन्हीकडे अट घातली म्हणून अंग बोलू लागलं. लावणीतल्या या कारागिरीला आपल्या शास्त्रीय वर्गांत अभ्यासाचं स्थान मिळालंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वस्तूची नक्कल टाळण्यावरून नर्तकी इसाडोरा डंकन आठवते. पॅरिसच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत ती ग्रीक कुंभांवरच्या आकृती पाहत बसे. पण त्या आकृती जशाच्या तशा अंगावर घालून ती रंगमंचावर उभी राहिली नाही. तिने शोधलं ते त्या पोझच्या आधी आणि नंतर शरीर कुठे असेल ते. रोहिणीताई भाटे यांनी तिचं आत्मचरित्र 'मी इसाडोरा' म्हणून मराठीत आणलं. पुण्यात कथकसाठी आयुष्य वेचलेल्या बाईला त्या परक्या, अनवाणी नर्तकीत आपलं माणूस दिसलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आंबेगाव तालुक्यातल्या एका मुलाचंही सांगते. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं, कचेऱ्या घोडेगावात. नाणेघाटासारखंच, वर नाव आणि खाली अंग नाही. त्या बुडालेल्या गावावर नृत्य बसवताना मुलगा पाणी दाखवू लागला, निळी ओढणी घेऊन. मी विचारलं, "घरात कुणाला आठवतं?" आजीला आठवत होतं. ती बोलता बोलता पाय जरा उंच उचलून टाकायची, जुन्या घराचा उंबरा ओलांडताना टाकायची तसा. नव्या घराला उंबराच नाही. त्या उचललेल्या पावलावर त्याचं नृत्य उभं राहतंय. अजून पुरं झालेलं नाही. शेवट सापडत नाही म्हणून तो अस्वस्थ आहे आणि मी त्याला घाई करत नाही.

उद्या सकाळी सहाला घाटघरच्या बाजूने नाणेघाटाला गाड्या निघतील. शिक्षकांनी मुलांना घेऊन यावं. भिंतींना हात लावायचा नाही, मोबाइल गाडीत ठेवायचे. घुंगरू इथेच राहू द्या. पहिले दोन तास कुणी नाचायचं नाही. भिंतीला पाठ करून आळीपाळीने उभं राहायचं आणि वाटेकडे बघायचं.