सही करण्याआधी



आज बोलू या शाळा व्यवस्थापन समितीबद्दल. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सांगितलंय की समितीत चारातले तीन सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य बायका असाव्यात. अध्यक्ष पालकांतूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात. जागा तर मिळाली. पण गटांच्या बैठकीत आम्ही विचारतो, "ताई, समितीवर काय करता?" तर उत्तर येतं, "रजिस्टर घरी येतं, सही करते."

मैत्रिणींनो, सही म्हणजे 'हे मला माहीत आहे, मला मान्य आहे' असं म्हणणं. मग आधी माहीत करून घेऊ या.

समितीची मुख्य कामं तीन. शाळेवर लक्ष ठेवणं, शाळेचा विकास आराखडा तयार करणं आणि आलेलं अनुदान कुठं खर्च झालं ते बघणं. बैठक दर महिन्याला व्हायला हवी. तिथं साधे प्रश्न विचारायचे. कोणती मुलं येत नाहीत, का येत नाहीत? शिक्षक पुरेसे आहेत का? आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, तेवढा शिजतो का? कुणाला मारलं जात नाही ना?

आमच्या एका गटातल्या दोघी समितीवर आहेत. सहावी-सातवीच्या मुली दुपारी घरी जायच्या, त्या परत यायच्याच नाहीत. कारण मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आत पाणी नाही. दोघींनी बैठकीत विषय काढला. "पैसे नाहीत," असं उत्तर आलं. त्यांनी शांतपणे खर्चाची वही मागितली. टाकी घेतलेली होती, नळजोडणी राहिली होती. ठराव लिहून घेतला, प्रत ग्रामपंचायतीत दिली, पोच घेतली. दीड महिना हेलपाटे झाले. पण पाणी आलं, मुली थांबू लागल्या.

या कामाला मानधन नाही. भर दुपारी बैठक लागली तर मजुरी बुडते. म्हणून वेळ बदलून मागा, चौघींना सोयीची घ्या. वाचता येत नसेल तर इतिवृत्त मोठ्यानं वाचून घ्या. अंगठ्यालाही सहीइतकीच किंमत आहे. कोऱ्या पानावर मात्र दोन्ही नको.

आणि हे शिक्षकांशी भांडण नव्हे. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर समितीचा ठराव त्यांच्याही कामी येतो.

गटाच्या हिशोबात एक रुपया चुकला तर आपण वही पुन्हा तपासतो. तीच नजर शाळेच्या वहीवर ठेवू या. पुढच्या बैठकीची तारीख आजच विचारून घ्या.