केसभराचा फरक
१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्या गावच्या उद्यमबागेत आज क्रँकशाफ्ट घडतात. समजा, निपाणीच्या कोणा शेतकऱ्याला जुन्या जीपमध्ये दुसऱ्याच गाडीचे डिझेल एंजिन बसवावयाचे आहे. गिअरबॉक्सशी त्याची भोके जुळत नाहीत; मध्ये पोलादी अ‍ॅडॉप्टर प्लेट घडवावी लागते. भोके काय, कोणीही पाडील. कसोटी मध्य साधण्याची. क्रँकशाफ्ट व गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत नसले, केसभर जरी ढळले, तरी बेअरिंग झिजते, क्लच लवकर जातो. प्लेट जाड झाली, तर शाफ्टचे टोक क्रँकशाफ्टमधील पायलट बेअरिंगात पुरते शिरत नाही. पातळ झाली, तर आत टेकते. मालकाला घाई, त्याचे पोटच जीपवर! तरी जाणता मिस्त्री डायल गेजने मध्य तपासतो, दोन डॉवेल बसवितो, मगच बोल्ट आवळतो.