माझ्या यशाचा जमाखर्च

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारानंतर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सांस्कृतिक समितीने मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'यशाची गुरुकिल्ली'. गुरुकिल्ली माझ्याकडे नाही. सेक्रेटरी होतो तेव्हा गच्चीची किल्ली माझ्याकडे असायची, ती मी दोनदा हरवली. तेव्हा एकाहत्तर वर्षांत मी कशाकशाला यश समजत आलो, एवढंच सांगतो. हे सांगताना घरातली एक गोष्ट येणार आहे. ती सांगायला 'हिची' परवानगी घेतली आहे. अट एकच: "मला रडकी करू नका."

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. ते मालवणकडचे. १९५० च्या आसपास मुंबईत आले, परळला एका गाळ्यात गाववाल्यांबरोबर राहिले, खानावळीत जेवले आणि रोज गिरणीच्या गेटवर 'बदली' म्हणून उभे राहू लागले. मुलांना बदली म्हणजे ट्रान्सफर वाटेल. तसं नाही. एखादा कायम कामगार आला नाही, तर त्याच्या जागी त्या दिवसापुरतं ज्याला आत घेत, तो बदली कामगार. घेतलं तर पगार, नाही घेतलं तर आल्या पावली परत. अशी बरीच वर्षं काढल्यावर ते कायम झाले आणि चाळीत पेढे वाटले गेले. वडिलांचं सगळं यश त्या एका शब्दात मावलेलं होतं: 'कायम'.

माझ्याबद्दल त्यांची इच्छा एवढीच की पोरगा साच्यावर उभा राहू नये. मी त्या वेळची अकरावीची एसएससी झालो, कॉलेज केलं. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, जागोजागी शाखा निघत होत्या. १९७६ मध्ये मी क्लार्क म्हणून चिकटलो. एकदा सुट्टीच्या दिवशी वडील माझी बँक बघायला आले. आत आलेच नाहीत. समोरच्या फुटपाथवरून बघून परत गेले. रात्री आईला म्हणाले, "त्याच्या डोक्यावर पंखा आहे." सूत तुटू नये म्हणून विणाई खात्यात हवा मुद्दाम दमट ठेवत, खिडक्या बंद. त्या माणसाला मुलाच्या डोक्यावरचा पंखा दिसला. मी मात्र तेव्हा हसलो होतो.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील तेव्हा ५४ वर्षांचे होते. ते परत कधी कामावर गेले नाहीत. 'कायम' या शब्दाचं काय झालं, हे घरात कोणी उच्चारलं नाही. मी त्यातून एक धडा घेतला, आणि तो चुकीचा होता असं आजही मला म्हणवत नाही: जिथे आहोत तिथे थांबायचं नाही, वर चढत राहायचं.

मग १९८९ साली ऑफिसर म्हणून बढती मिळाली. बढती म्हणजे गाव सोडणं आलंच. इटारसीच्या पुढे एका गावात मला शाखा मिळाली. मुलगी पाचवीत, मुलगा दोन वर्षांचा. आमची ही विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरीला. शिवाय घरात आई आणि काम गेलेले वडील. चार वर्षं मी तिकडे काढली. एसटीडी बूथवर रात्री उशिरा दर कमी व्हायचे, तेव्हा फोन करायचो. मुलगी फोनवर यायची आणि म्हणायची, "बरी आहे. आजीला देऊ?" चार वर्षांतलं तिचं माझं संभाषण साधारण एवढंच.

तिकडे मला मान होता. मॅनेजरसाहेब म्हणत. यश यश म्हणतात ते हेच, याबद्दल मला शंका नव्हती.

आता ती गोष्ट. हिलाही बढती आली होती आणि तिने 'नको' म्हणून लिहून दिलं होतं. हे तिने मला सांगितलं मी दिवाळीला घरी आलो तेव्हा, तेही फराळाचे डबे फडताळात लावताना. मी तपशील विचारला नाही. मात्र पुढे चारचौघांत मी ते सांगत असे, चेष्टेने: "आमच्या हिला देत होते ऑफिसर, हिलाच नको. महत्त्वाकांक्षाच नाही!" १९९८ साली आपण इथे राहायला आलो, आमच्या वास्तुशांतीच्या जेवणातही मी हे म्हटलं होतं. तुमच्यापैकी चार-पाच जण त्या पंगतीत होते. तुम्ही हसला होतात, तुमचा दोष नाही, यजमानाच्या विनोदाला हसावंच लागतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. पुढच्या बढतीच्या मुलाखतीत मला वगळलं. २०००-०१ मध्ये बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, ती मी घेतली. मुलगा इंजिनिअर झाला, त्याच्या यशाला काही दिवस मी माझंच समजत होतो. मग सोसायटीचा सेक्रेटरी झालो.

जुन्या सभासदांना आठवत असेल, इमारत आपली पण जमीन कागदावर बिल्डरची, अशी आपली वर्षानुवर्षं अवस्था होती. शेवटी मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करायचा ठरलं. डीम्ड कन्व्हेयन्स म्हटलं की सगळ्यांना कळतं. त्यासाठी प्रत्येकाचा नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू हवा होता. लोकांच्या मागे लागता लागता माझीच इंडेक्स टू सापडेना, म्हणून माळ्यावरची ट्रंक उतरवली. एका फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं माझं बढतीचं पत्र होतं. त्याच्यामागे टाचणीने लावलेली, कार्बनची निळी अंधुक प्रत. 'कौटुंबिक कारणास्तव पदोन्नती स्वीकारण्यास असमर्थ आहे.' खाली हिची सही. तारीख माझ्या पत्रानंतर आठ दिवसांची.

मला आजवर वाटत होतं, तिचं ते आधीच कधीतरी झालं असणार. तिने दोन्ही कागद एकत्र टाचले होते. लपवले नव्हते. मीच माझ्या पत्राच्या मागे कधी बघितलं नव्हतं.

कागद घेऊन स्वयंपाकघरात गेलो. ही मेथी निवडत होती. म्हटलं, "हे काय?" तिने चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "दोघांनी जायचं तर घर कोणी बघायचं? तुमचं पत्र आधी आलं होतं."

मी म्हटलं, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही लिहून दिलं असतं का?"

या प्रश्नाला आता अकरा वर्षं झाली. उत्तर मी अजून दिलेलं नाही, कारण खरं उत्तर मला माहीत आहे आणि खोटं तिला चालत नाही.

जमीन सोसायटीच्या नावावर झाली तेव्हा तुम्ही माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केलात. मी दोन शब्द बोललो, सगळ्यांचे आभार मानले, तिचे मानायचे राहिले. आज माईक हातात आहे, तर मानतो. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि 'पुरे' म्हणून हात हलवते आहे. पंगतीतलं ते वाक्यही मी आज तुमच्यासमोर मागे घेतो. इतिवृत्तात नोंद करावी.

गेल्या वर्षी मुलीला तिच्या कंपनीने बंगळुरूची मोठी जागा देऊ केली. तिने सल्ला विचारला तो आईला. मला नाही, आणि योग्यच केलं. आई एका शब्दात म्हणाली, "जा." मग जावई आणि नातू ठाण्यात, मुलगी आठवड्यातले चार दिवस तिकडे, आणि आम्ही दोघं सोमवार ते गुरुवार ठाण्याला. नातवाचा डबा माझ्याकडे असतो. पोळीचा रोल फार घट्ट केला तर तो तसाच परत आणतो. डबा रिकामा आला की मला जे वाटतं, ते मॅनेजर झालो तेव्हाही वाटलं नव्हतं. आता हे वयामुळे आहे की उशिरा आलेल्या शहाणपणामुळे, ते तुम्ही ठरवा. तीन मजले चढून येईपर्यंत मला एवढा विचार करायला वेळ मिळत नाही, दम लागलेला असतो.

जाता जाता एक काम. दहावी-बारावीला ८० टक्क्यांच्या वर असेल त्याचाच सत्कार, हा नियम मी सेक्रेटरी असताना केला होता. त्याच वर्षी ७८ टक्के मिळवलेला आपल्याच बिल्डिंगमधला एक मुलगा खुर्च्या मांडून झाल्यावर घरी निघून गेला होता. तो नियम काढावा, पास झालेल्या प्रत्येकाला बोलवावं आणि नापास झालेल्यालाही जेवायला बोलवावं, असा लेखी ठराव मी येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी दिला आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. ज्यांना सही करायची असेल त्यांनी पंगतीत माझ्या शेजारी बसावं. पेन आणलंय.