आधी ऐकू या, मग बोलू

(महिला कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरातील भाषण)

शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या सत्राचं नाव 'संवाद कौशल्ये' असं छापलंय. नाव जरा जड आहे. आपल्या कामापुरता प्रश्न एवढाच आहे, की केंद्राच्या दारात पहिल्यांदा आलेल्या बाईशी आपण कसं बोलतो? कारण ती पुन्हा येणार की नाही, हे बरेचदा त्या पहिल्या अर्ध्या तासातच ठरतं.

ती काय काय ओलांडून आलेली असते ते बघा. 'घरातलं घरात राहू दे' हे ऐकतच ती वाढलेली असते. माहेरच्यांनी समजूत घालून दोनदा नांदायला परत पाठवलेलं असतं. रेशन आणायला जाते असं सांगून ती निघालेली असते आणि तिचं लक्ष घड्याळाकडे असतं. अशा बाईला कुणी विचारलं, 'मग इतकी वर्षं का सहन केलंत?' तर प्रश्न मायेपोटी असला तरी तिला तो सासरच्या माणसांनी विचारल्यासारखाच लागतो. 'का' या शब्दात आरोप दडलेला असतो. त्याऐवजी 'काय झालं?', 'मग तुम्ही काय केलंत?', 'तेव्हा घरात आणखी कोण होतं?' असं विचारावं. बाई आपोआप बोलू लागते.

बोलता बोलता ती थांबते, रडते. ती शांतता लगेच भरून काढायची घाई नको. पाण्याचा पेला पुढे करा आणि बसून राहा. 'सगळं ठीक होईल' असं तर मुळीच म्हणू नका. ते आपल्याला कुठे माहीत असतं?

दुसरी गोष्ट शब्दांची. 'मारहाण होते का?' असं विचारलं की पुष्कळ बायका 'नाही, तसं काही नाही' म्हणतात. हात उगारणं, ढकलणं, केस ओढणं ही त्यांच्या हिशेबात मारहाणच नसते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा मानतो. पण हे चार शब्द तिच्यापुढे मांडून उपयोग नाही. 'कधी उपाशी ठेवलं का? पगार काढून घेतात का? रात्री मनाविरुद्ध वागतात का?' असं तिच्या भाषेत, आणि एकटीला विचारा. सोबत नणंद किंवा शेजारीण आली असेल तर तिला बाहेर चहा द्या. सोबतीला आलेली प्रत्येक बाई तिच्या बाजूचीच असेल असं नाही.

अर्ज लिहायचा तर तारखा लागतात. 'तारीख सांगा' म्हटलं की ती गोंधळते. 'पोळ्याच्या आधी की नंतर? धाकटा तेव्हा चालायला लागला होता का?' असं विचारलं की घटना नीट हाती लागते. लिहायला घेण्याआधी हे कशासाठी लिहितोय, कोण वाचणार, ते सांगा. लिहून झालं की तिला वाचून दाखवा. फोन कोणत्या नंबरवर, किती वाजता केलेला चालेल तेही विचारा. तिचा फोन नवरा तपासत असेल तर आपला एक मेसेज तिला महागात पडू शकतो.

आता माहिती सांगण्याबद्दल. दंडाधिकाऱ्याकडे दाद मागण्याचा हक्क, संरक्षण अधिकारी आणि मोफत कायदेशीर मदत यांची माहिती तक्रार घेणाऱ्या पोलिसांनीच बाईला द्यावी, असं या कायद्याच्या ५ व्या कलमात आहे. राहत्या सामाईक घरात राहण्याचा हक्क १७ व्या कलमात आहे. हे तिला दोन-तीन सोप्या वाक्यांत सांगा आणि तिला काय समजलं ते तिच्याच तोंडून ऐका. १ जुलै २०२४ पासून ४९८ अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची ८५ आणि ८६ ही कलमं आली आहेत. पण 'चारशे अठ्ठ्याण्णव' हा आकडा बायकांच्या तोंडी बसलाय. ती तो म्हणाली तर बोलणं मध्येच तोडून दुरुस्त करू नका.

खोटी आशाही नको. अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो, पण कोर्टात याहून बराच जास्त काळ जातो. दोन्ही गोष्टी सांगा, म्हणजे मधल्या काळात कुठे राहायचं, काय खायचं, याचा विचार ती आधीच करू शकेल.

पोलीस ठाण्यात आपण बरोबर जातो, तेव्हा साहेब आपल्याशीच बोलू लागतात, कारण आपण शिकलेल्या. तिथे मी म्हणते, 'ताई, तुम्हीच सांगा,' आणि गप्प बसते. तक्रार तिची आहे. आपण अर्जाच्या दोन प्रती नेलेल्या असाव्यात, पोच घ्यावी, एफआयआर नोंदला तर त्याची मोफत प्रत मागून घ्यावी. आवाज चढवायची गरज नाही, पण पोच मिळाल्याशिवाय उठायचंही नाही.

आणि एवढं करून ती सासरी परत गेली तर? रागावू नका. पोरं, पोट, छप्पर यांचा हिशेब तिला करावा लागतो, आपल्याला नाही. निर्णय तिचा. 'कधीही या' हे वाक्य तिच्या कानात राहिलं, तर पुढच्या वेळी ती रात्र होण्याआधी येईल.

शेवटी आपल्या बैठकांबद्दल. बाहेर ऐकण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या आपण बैठकीत कुणाचं ऐकतो? वस्तीतून येणारी मैत्रीण दाराशी बसते आणि आपल्या पुस्तकी चर्चेत तिची पाळीच येत नाही. पहिलं बोलणं तिचं, असा नियम करून बघा.

चहानंतर आपण दोघी-दोघी बसणार आहोत. एकीनं पाच मिनिटं बोलायचं, दुसरीनं फक्त ऐकायचं. सल्ला नाही, 'माझंही असंच झालं' नाही. मग ऐकलेलं सांगून 'बरोबर ना?' असं विचारायचं. चला, जोड्या करू या.