थंडीआधी शाफ्टला कव्हर



दिंडोरी, निफाड, चांदवड भागात द्राक्षाच्या फळछाटण्यांची धांदल आहे. आता माल निघेपर्यंत बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला उसंत मिळणार नाही. थंडीआधी हा ट्रॅक्टर कसा तयार ठेवायचा, हा आजचा विषय. बॅटरी, डिझेल फिल्टर, रेडिएटर यांचं बोलूच. पण आधी मला विचारायचं आहे, ट्रॅक्टर आणि फवारणीचा ब्लोअर यांच्यामध्ये इंजिनची ताकद पोचवणारा जो पीटीओचा शाफ्ट फिरतो, त्यावर कव्हर आहे का? नसेल, तर तुमचा ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी तयार नाही. बाकी सगळी सर्व्हिसिंग झाली असली, तरी नाही.

थंडीचा आणि शाफ्टचा संबंध काय, असं काहींना वाटेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पारा किती उतरला, हे आपण दर हिवाळ्यात पेपरात वाचतो. त्याच दिवसांत भुरीची फवारणी असते, आणि ती वारा पडलेला असताना, म्हणजे रात्री किंवा भल्या पहाटे करावी लागते. त्या वेळी ट्रॅक्टरवाल्याच्या अंगावर शाल असते, गळ्यात मफलर असतो. पेठ-सुरगाण्याहून डिपिंगला, विरळणीला आलेल्या बाया पदरावरून चादर गुंडाळून बागेत शिरतात. उन्हाळ्यात अंगावर एक सदरा असतो. थंडीत लोंबणारं कापड वाढतं आणि उजेड कमी होतो. म्हणून हा धोका थंडीचा आहे.

आता हिशेब ऐका. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला, तर एका सेकंदात जवळजवळ दोन मीटर कापड त्याच्यावर गुंडाळलं जातं. मफलर एवढा लांब नसतो. तो संपला की पुढे माणूसच असतो.

आपल्या येवल्याची संक्रांत आठवा. गच्चीवर पतंग उडतो आणि हातात आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, फिरते. दोऱ्याचं टोक आसारीच्या काड्यांत एकदा अडकलं, की पुढचा दोरा आपोआप ओढला जातो. त्याला कुणी ढकलावं लागत नाही. शाफ्टचं अगदी तसंच आहे. आसारीला काड्या असतात, शाफ्टला क्रॉस असतो, पिन असते, ग्रीसचं निपल वर आलेलं असतं. कापडाचा एक धागा तिथे धरला गेला की पुरे. आणखी एक पाहा. आसारीवर दोरा जसा चढतो तशी ती जाड होते, आणि मग प्रत्येक फेऱ्याला आधीपेक्षा जास्त दोरा खेचते. कापड गुंडाळताना शाफ्टही तसाच जाड होतो आणि ओढ वाढतच जाते. पण आसारी तळहात टेकवून थांबवता येते. शाफ्टला पंधरा-वीस हॉर्सपॉवरचं इंजिन फिरवत असतं. त्याला हात लावून थांबवता येत नाही, आणि ब्लोअरच्या आवाजात मागच्या माणसाची हाक पुढे ऐकू जात नाही.

नवीन शाफ्टबरोबर कव्हर येतं. मग ते जातं कुठे? ग्रीस मारायला अडतं म्हणून काढतात आणि शेडच्या कोपऱ्यात टाकतात. हे बरोबर नाही. ग्रीस मारायला लागतात पाच मिनिटं, आणि ती वाचवायला आपण घरचं माणूस पणाला लावतो. कव्हर सरकवून ग्रीस मारा आणि पुन्हा जागेवर आणा. त्याच्या दोन्ही टोकांच्या साखळ्या बांधा. शाफ्ट फिरला तरी कव्हर जागच्या जागी थांबलं पाहिजे. त्या साखळ्या त्यासाठीच आहेत. इंजिन बंद करून, साखळ्या सोडून कव्हर हातानं फिरवून बघा. सहज फिरलं तर ठीक. औषधाचा राडा बसून ते शाफ्टला चिकटलं असेल, तर शाफ्टबरोबर तेही फिरणार, मग असून नसल्यासारखंच. तडा गेला असेल तर बदला. ट्रॅक्टरच्या बाजूला पीटीओवर जो पत्रा असतो, तोही काढू नका.

मळणीयंत्रात हात जाण्याच्या घटनांमुळे १९८३ साली देशात धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. बागेत मात्र आपल्यावर लक्ष ठेवायला कुणी येत नाही, आपणच ठेवायचं. थंड देशांत गेलेल्या आपल्या मंडळींपैकी काही जण छोट्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर बर्फ उडवायचं यंत्र चालवतात. तिथेही अंगावर जाड कपडे असतात आणि शाफ्ट असाच फिरतो. यंत्रात बर्फ अडकला, तर इंजिन बंद करूनच उतरायचं, हा तिथला नियम. आपल्याकडे बर्फ नाही, नोझल चोकअप होतं. नियम तोच.

आता बॅटरी. थंडीत बॅटरीचा जोर उतरतो. जोर नसला की ट्रॅक्टर पुन्हा चालू होणार नाही, या भीतीनं चालक इंजिन बंदच करत नाही. नोझल अडलं की शाफ्ट फिरत असतानाच तो खाली उतरतो, आणि शाल खांद्यावर असते. म्हणून बॅटरी आधी तपासा, टर्मिनल साफ करा. तिचा संबंधही शेवटी त्या शाफ्टशीच आहे.

रेडिएटरच्या जाळीवर औषधाचा आणि पानांच्या भुशाचा थर बसतो, तो धुऊन काढा. साध्या पाण्याऐवजी कूलंट घाला. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडा. संध्याकाळी टाकी भरून ठेवली तर पाणी कमी धरतं. ओळीच्या टोकाला आखूड वळण घेताना पीटीओ बंद करा, म्हणजे क्रॉसवर ताण येणार नाही. टायरच्या हवेबद्दल आणि ब्लोअरच्या नोझलच्या मापाबद्दल बरंच सांगायचं होतं, पण वेळ संपत आली आहे.

तेव्हा राहिलेल्या अर्ध्या मिनिटात पुन्हा तेच. शाल, मफलर, पदर खोचून मगच ट्रॅक्टरजवळ जा. मजुरांना शाफ्टपासून लांब उभं करा. त्यांना हे सांगणं मालकाचं काम आहे. इंजिन बंद केल्याशिवाय खाली उतरू नका. आणि शेडमध्ये पडलेलं ते कव्हर उद्या सकाळी, पहिल्या फवारणीआधी, शाफ्टवर बसवा. नसेल तर दुकानातून नवीन आणा, पण त्याशिवाय ट्रॅक्टर बागेत घालू नका.