एपिसोड ३४ : माझी सहा गाणी, शेवटून पहिल्याकडे

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)



गेल्या दोन एपिसोडमध्ये नोकरी, इंटरव्ह्यू, कोडिंग असं बरंच झालं. एका श्रोत्याने मेसेज केला, "दादा, कधीतरी ऑफिसच्या बाहेरचं बोल ना." बरोबर आहे. तर आज माझी सगळ्यात आवडती सहा इंग्रजी गाणी, पॉप आणि रॉक. सहापासून सुरू करून एकपर्यंत येऊ. आधीच सांगतो, ही जगातली सर्वोत्तम गाणी वगैरे नाहीत. मी वाईचा, मराठी माध्यमातला पोरगा. ही गाणी माझ्यापर्यंत जशी आली आणि चिकटली, तशी ती या यादीत आलीत. त्यामुळे 'अमुक बँड कसा नाही' म्हणून भांडू नका.

सहा. बॅकस्ट्रीट बॉईजचं 'आय वाँट इट दॅट वे'

गाणं १९९९ चं, माझ्यापर्यंत पोचलं २००७ च्या आसपास. आत्याचा मुलगा पुण्याहून सुट्टीला यायचा, त्याच्याकडे गाण्यांची सीडी होती. मी तेव्हा चौथी-पाचवीत. इंग्रजी म्हणजे 'माय नेम इज'च्या पुढे गाडी जात नव्हती. मग मी काय केलं, तर शंभर पानी वहीत ऐकू येईल तसं सगळं गाणं देवनागरीत लिहून काढलं आणि पाठ केलं. अर्थ शून्य. शाळेत म्हणून दाखवलं तर पोरं गार!

खरी गंमत बी.टेक.ला कळली. इंग्रजी जरा बरं झाल्यावर शब्द नीट वाचले, तरी अर्थ लागेना. मला वाटलं आपलंच इंग्रजी कच्चं. मग वाचलं की हे गाणं लिहिणारे मॅक्स मार्टिन आणि आंद्रेयास कार्लसन दोघेही स्वीडनचे, आणि मार्टिनचं इंग्रजी तेव्हा फार पक्कं नव्हतं. अर्थ लागावा म्हणून शब्द बदलून दुसरी आवृत्तीही तयार केली होती, पण बँडला पहिलीच आवडली. म्हणजे मी वहीत करत होतो ते अगदीच चुकीचं नव्हतं. आधी आवाज, मग अर्थ. इंग्रजीची भीती माझी तिथून कमी झाली.

पाच. ब्रायन अ‍ॅडम्सचं 'समर ऑफ सिक्स्टी नाइन'

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्यांनी आत्ताच मान हलवली असणार. प्रत्येक गॅदरिंगला, प्रत्येक कॉलेज बँड हे गाणं वाजवतोच. मी सांगलीला होतो, आमच्या बँडमध्ये कीबोर्डवर. या गाण्यात कीबोर्डला फारसं काम नाही, त्यामुळे मी मुख्यतः उभा राहायचो.

सेकंड इयरच्या गॅदरिंगला दुसऱ्या कडव्यात लाईट गेली. माईक बंद, गिटार बंद, कीबोर्ड तर मेलाच. फक्त ड्रम्सना वीज लागत नाही. आमचा ड्रमर थांबलाच नाही. आणि समोरच्या पोरांनी अंधारात उरलेलं सगळं गाणं म्हटलं. त्यांच्यातल्या निम्म्यांना मुखड्यापलीकडे शब्द येत नव्हते, पण काही फरक पडला नाही.

या गाण्याबद्दल मला आवडणारी गोष्ट म्हणजे ब्रायनचा जन्म १९५९ चा. ६९ च्या उन्हाळ्यात तो नऊ वर्षांचा होता! गाणं आलं १९८४ च्या 'रेकलेस' अल्बममध्ये. माझी आठवण मात्र त्या अंधारातल्या पाच मिनिटांची, आणि ती शंभर टक्के खरी आहे.

चार. पिंक फ्लॉइडचं 'विश यू वेअर हिअर'

१९७५. बँडचा एक मूळ सदस्य सिड बॅरेट मानसिक आजार आणि नशेच्या फेऱ्यात सापडून १९६८ मध्येच बाहेर पडला होता. तो आता आपल्यात नाही, ही जाणीव त्या सगळ्या अल्बमभर आहे. आणि अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना सिड एक दिवस स्वतःच स्टुडिओत आला. अंगाने जाड झालेला, डोकं आणि भुवयासुद्धा भादरलेल्या. बराच वेळ जुन्या मित्रांना तो ओळखूच आला नाही.

गाण्याची सुरुवात आठवा. गिटार जुन्या रेडिओतून आल्यासारखी बारीक वाजते. मग दुसरी गिटार येते, स्वच्छ, जवळची. जणू कोणीतरी खोलीत एकटाच बसून रेडिओबरोबर वाजवतोय.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये मी हिंजवडीच्या फ्लॅटवर एकटा होतो. आमचा गिटारवाला जर्मनीत एम.एस. करत होता. ठरवलं, व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवू. जमेचना. माझा सूर त्याच्याकडे पोचायला, त्याचा माझ्याकडे यायला सेकंदाचा काही भाग जातो. बोलताना कळत नाही, पण तालात तेवढा वेळ म्हणजे फार झाला. दोघं एकमेकांसाठी थांबत राहतात आणि गाणं हळू हळू होत मरतं. शेवटी त्याने त्याची बाजू रेकॉर्ड करून पाठवली आणि मी इथे हेडफोन लावून तिच्यावर वाजवलं. वाजवता वाजवता लक्षात आलं, अरे, गाण्याच्या सुरुवातीला हेच तर चाललंय! आपण नेमकं तेच करतोय.

तीन. कोल्डप्लेचं 'फिक्स यू'

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या कार्यक्रमांची तिकिटं. मी दोन लॅपटॉप, दोन मोबाईल घेऊन बसलेलो. रांगेतला माझा नंबर सहा आकडी. मी स्वतः सर्व्हरवर काम करतो, तरी माणूस म्हणून शिव्या द्यायच्या त्या दिल्याच. तिकीट काही मिळालं नाही.

मग २६ जानेवारी २०२५ चा अहमदाबादचा कार्यक्रम ऑनलाईन थेट दाखवला. मी तेव्हा वाईला घरी होतो. टीव्हीला जोडला, आई-पप्पांना बसवलं. 'फिक्स यू' लागलं. २००५ चं गाणं. ख्रिस मार्टिनची तेव्हाची बायको ग्वेनेथ पॅल्ट्रो, तिचे वडील २००२ मध्ये गेले. त्यांनी जाण्याआधी घेतलेला एक कीबोर्ड घरी पडून होता. ख्रिसने तो चालू केला आणि त्यातून जो ऑर्गनसारखा आवाज निघाला, त्यावर हे गाणं उभं राहिलं.

मी हे सगळं आईला सांगतोय, ती डोळे पुसतीये. आणि पप्पा म्हणतात, "आवाज वाढव की जरा." वाढवला. परत, "अजून वाढव." आई वैतागली, "अहो, शेजारची येतील आता!" मी पण चिडलो. म्हटलं, "पप्पा, गाणं हळूच आहे ते, तसंच असतं."

हा प्रसंग लक्षात ठेवा. पुन्हा येणार आहे तो.

दोन. लिंकिन पार्कचं 'नम्ब'

हे जरा जपून सांगतो. ज्याची गोष्ट आहे त्याला विचारून सांगतोय.

२० जुलै २०१७. हॉस्टेल, रात्रीचे साडेअकरा-बारा. व्हॉट्सअ‍ॅपवर बातमी आली की चेस्टर बेनिंग्टन गेला. वय ४१, आत्महत्या. आमच्या अख्ख्या मजल्यावर लिंकिन पार्क चालायचं. २००३ चं 'नम्ब' तर लोकांची रिंगटोन होती. पोरं खोल्यांतून बाहेर आली, कोणीतरी स्पीकरवर गाणं लावलं.

माझा रूममेट खाटेवरून उठला नाही. तो महिनाभर कानात हेडफोन घालून पडून असायचा. दोन विषय राहिले होते, क्लासला जात नव्हता. आम्ही त्याला 'देवदास' म्हणायचो. आज लाज वाटते. त्या रात्री मी खोलीत आलो तर तो भिंतीकडे बघत एवढंच म्हणाला, "मला पण लय दिवस असंच वाटतंय रे."

मला काय बोलावं कळेना. वीस वर्षांचा होतो मी. उपदेश करायची अक्कल नव्हती, ते बरंच झालं. मी विचारलं, "म्हणजे मरावं असं वाटतंय?" असं सरळ विचारलं. तो हो म्हणाला. मग आम्ही तिघं रात्रभर त्याच्याबरोबर बसलो. मॅगी केली, फार काही बोललो नाही. सकाळी त्याच्या ताईला फोन लावला. ती दुपारी आली. त्याची ट्रीटमेंट सुरू झाली, एक वर्ष मागे पडला, पण पास झाला. आज नाशिकला आहे, नोकरी करतो, माझ्यापेक्षा बरी करतो!

सरळ विचारल्याने समोरच्याच्या डोक्यात नवा विचार जात नाही, हे मला नंतर कळलं. उलट त्याला बोलायला दार मिळतं. ऐकणाऱ्यांपैकी कोणाला गरज असेल तर सरकारची 'टेली मानस' हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट. लिहून ठेवा. स्वतःला नाही लागला तर मित्राला लागेल.

एक. क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी'

१९७५. पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. रेडिओवर एवढं लांब गाणं कोण लावणार, असं तेव्हा जाणकार म्हणाले होते. आणि ते गाणं ब्रिटनमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मधल्या ऑपेरा भागात जी गर्दी ऐकू येते ती फक्त तीन माणसं आहेत: फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे, रॉजर टेलर. आपलेच आवाज पुन्हा पुन्हा एकमेकांवर रेकॉर्ड केलेले.

पण माझं कारण वेगळं आहे. माझे पप्पा टेम्पो चालवायचे. वाईच्या बाजारातून भाजी भरायची, पसरणी घाट चढायचा आणि पाचगणीच्या शाळांच्या मेसला पोचवायची. रोज पहाटे, तीस वर्षं. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. पप्पांचं दैवत. टेम्पोत त्यांचीच कॅसेट.

शेवटच्या वर्षाला असताना मला कळलं की फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, आठव्या वर्षी झांझिबारहून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत आला. पियानो तिथे शिकला, 'द हेक्टिक्स' हा पहिला बँड तिथे केला, 'फ्रेडी' हे नावही तिथलंच. अहो, माझा बाप रोज ज्या घाटाने जातो तो घाट! पायथ्याला शाहीर साबळे, माथ्यावर फ्रेडी मर्क्युरी. मध्ये बारा-तेरा किलोमीटर.

सुट्टीत गेलो तेव्हा पप्पांबरोबर टेम्पोत बसलो. उतरताना घाटात चहाला थांबलो, कठड्यावर बसलो. मी इअरफोनचं एक टोक माझ्या कानात घातलं, एक पप्पांच्या उजव्या कानात. "ऐका, हा आपल्या पाचगणीचा." त्यांनी दोन मिनिटं ऐकलं, काढून माझ्या हातात दिलं. "तू ऐक बाळा, मला काय कळत न्हाय त्यातलं."

मला लागलं ते. सहा वर्षं मनात धरून होतो की पप्पांना माझ्या आवडीत रस नाही.

आता परत त्या टीव्हीकडे या. फेब्रुवारीत मी त्यांना बळेच साताऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. "मी काय बहिरा हाय का?" म्हणून वाटेत भांडण झालं. तपासणीचा आलेख बघितला तर डावा कान बरा, उजवा बराच खाली गेलेला, आणि बारीक, उंच आवाज सगळ्यात जास्त गेलेले. डॉक्टरांनी विचारलं, काय काम करायचा? मग म्हणाले, इंजिनचा आवाज आणि ड्रायव्हरच्या बाजूची उघडी खिडकी, वर्षानुवर्षं. त्याचा वाटा असणारच. पप्पा खाली बघत म्हणाले, "मला म्हाईत होतं. पर सांगितलं असतं तर गाडी चालवू दिली असती का तुम्ही?"

मी गप्प. आमची फी त्याच गाडीवर चालायची.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात पेटली. हे गाणं स्टिरिओ आहे. आवाज डावीकडून उजवीकडे उड्या मारतात. मी पप्पांना अर्धंच गाणं दिलं होतं. तेही ज्या कानाला ऐकू येत नाही त्या कानात. इंजिनिअर झालो, पण हे सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मोबाईलच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन 'मोनो ऑडिओ' चालू केलं. त्याने दोन्ही बाजूंचा आवाज एक होतो आणि दोन्ही कानांत सारखा जातो, म्हणजे एक कान बरा असला तरी गाणं पूर्ण मिळतं. तुमच्या घरी कोणाला एका कानाने कमी ऐकू येत असेल तर आजच करून बघा. मोठा हेडफोन पप्पांच्या डोक्यावर चढवला आणि गाणं लावलं.

सहा मिनिटं ते हलले नाहीत. मधल्या भागात भुवया वर गेल्या. शेवटच्या जोरकस भागात पाय हलायला लागला. संपल्यावर हेडफोन न काढताच, मोठ्याने, जसे ते बोलतात तसे, म्हणाले, "सुरवातीला भजन, मधी भारूड, शेवटाला लेझीम! एकाच गाण्यात! गडी लय अवघड हाय."

मग थोड्या वेळाने, "आन् ह्यो खरंच आपल्या पाचगणीचा?"

"हो पप्पा."

"परत लाव."

तर मंडळी, हे माझं एक नंबरचं गाणं. तुमची यादी पाठवा, पण फक्त नावं नको, आठवणीसकट पाठवा. आणि तुमच्या घरात कोणी 'आवाज वाढव' म्हणत असेल तर चिडायच्या आधी एकदा कान तपासून घ्या.

पुढच्या एपिसोडला भेटू. काळजी घ्या.