आपल्याच गावातली एक तासाची पायपीट
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही बोलणार आहोत ते गाव पायी बघण्याविषयी. तुम्ही म्हणाल, शिर्डीत जन्म गेला, आता शिर्डीत बघायचे काय राहिले? पण ६ डिसेंबरला मुंबईला गेलेला आपला माणूस चैत्यभूमीवरून दादरचे राजगृह बघतो, जमले तर परळची बी.आय.टी. चाळ विचारत जातो. सोबत गाईड नसतो, तिकीट नसते. बाबासाहेब जिथे राहिले ती खोली, तो जिना डोळ्यांनी बघायचा असतो. पुण्याच्या पेठांतून लोक असेच हिंडतात. मग आपल्या गावातून का नाही?

दर्शनाला जावे की न जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही बोलतो आहोत ते इमारतींविषयी.

सुरुवात करा ती नगर-मनमाड रस्त्यावरच्या खंडोबाच्या देवळापासून. म्हाळसापती सोनार इथले पुजारी. त्यांनी आलेल्या फकिराला ‘साई’ म्हणून हाक मारली आणि तेच नाव पुढे चालले, ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. इथे थोडे थांबून मुलांना सांगा की तेव्हा हे गाव म्हणजे मातीच्या भिंतींची थोडी घरे होती. रेल्वेने यायचे तर कोपरगावला उतरून पुढे टांगा. साईनगर शिर्डी स्टेशन झाले २००९ साली आणि काकडीचे विमानतळ २०१७ साली.

तिथून आत वळा. ज्याला आपण समाधी मंदिर म्हणतो, तो मुळात एक वाडा आहे. नागपूरचे धनिक बापूसाहेब बुटी यांनी बांधायला घेतलेला, म्हणून बुटी वाडा. गावातली बाकीची घरे मातीची आणि हा दगडाचा, म्हणून ‘दगडी वाडा’ असेही लोक म्हणत. १५ ऑक्टोबर १९१८ ला, विजयादशमीच्या दिवशी, साईबाबांचे निधन झाले आणि देह त्याच वाड्यात ठेवला गेला. आतली संगमरवरी मूर्ती मुंबईचे शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांची, बसवली १९५४ साली. म्हणजे मूर्तीच्या आधी ३६ वर्षे लोक इथे येत होते! हे आपल्या मुलांना तर माहीत नाहीच, पण रांगेत उभ्या असलेल्या कित्येकांनाही नसते.

जवळच मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांचा वाडा आहे. पाया डिसेंबर १९१० मध्ये घातला आणि १९११ च्या रामनवमीला ते राहायला आले. बाहेरगावच्या माणसांना टेकायला जागा नव्हती, म्हणून हे वाडे झाले. आजच्या सगळ्या लॉजिंग-बोर्डिंगचे आजोबाच म्हणा ना! त्याआधीचा, १९०८ चा साठे वाडा कडुनिंबाजवळ होता. तो आता उभा नाही. नीट बघितले नाही तर एखादी वास्तू जाते आणि कळतही नाही, ते असे.

द्वारकामाई ही मोडकळीस आलेली जुनी मशीद. फरशी, मंडप हे सगळे बाबांच्या हयातीतच भक्तांनी केले. धुनी आणि दळणाचे जाते बघाच. पुढे मारुतीचे देऊळ आणि दोन पावलांवर चावडी.

चावडीपाशी मात्र आम्ही जास्त वेळ थांबायला सांगू. बाबा एक रात्र मशिदीत आणि एक रात्र चावडीत झोपत, त्याची आठवण म्हणून आजही दर गुरुवारी रात्री पालखी निघते. पण बाबा यायच्या आधी आणि नंतरही चावडी म्हणजे गावाची कचेरी. पाटील-कुलकर्णी आत बसत. सारा तिथे गोळा होई. आणि बाहेर कोण उभा असे? दवंडी देणारा, सारा तालुक्याला पोचवणारा, वेशीवर पहारा करणारा, साहेबाच्या घोड्यापुढे धावणारा. गावोगावच्या चावडीची हीच रीत होती. येसकर, तराळ म्हणजे आपलेच आजे-पणजे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले ते याच राबणुकीविरुद्ध. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने गेली. चावडीच्या कथेत आरती आहे, चवरी-छत्र आहे. दवंडी देणारा नाही. मुलांना हे कोण सांगणार? आपणच की.

शेवटी लेंडीबाग. बाबा रोज तिकडे जात. झाडांखाली बसून पाणी प्या, मुलांना खेळू द्या. चाल तशी फार नाही, एका तासात होते. गुरुवार आणि सुट्ट्या टाळा, सकाळी लवकर निघा. मोबाईल समाधी मंदिरात नेता येत नाही, तेव्हा वही-पेन्सिल घ्या. वाटेत खोलीवाले, फुलवाले अडवतील. ‘आम्ही गावचेच’ म्हटले की सोडतात.

आता मुख्य काम. वाड्यांवर लिहिलेले पुष्कळ आहे. दाभोळकरांच्या साईचरित्रातच किती जागांची नावे सापडतात. पण गावकुसाबाहेरची आपली वस्ती कुठे सुरू व्हायची, आपल्या पाणवठ्याची विहीर कुठली, वेशीतून आत यायची वाट कोणती, चावडीपुढे कोणाच्या आजोबांची पाळी असे, हे फक्त म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. दरवर्षी त्यातले एक-दोन जण आपल्याला सोडून जातात. म्हणून येत्या रविवारपासून आपल्या विहारात ग्रंथालयाच्या कपाटाशेजारी एक कोरी वही ठेवली आहे. आजी-आजोबांना घेऊन फिरा, त्यांनी बोट दाखवले ती जागा नकाशात खुणेने दाखवा, त्यांचे बोल जसेच्या तसे लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी संध्याकाळी वंदनेनंतर थांबावे. आठवी-नववीच्या मुली लिहून घेतील. पानावर सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख तेवढी विसरू नका. जयभीम!